टॉप घ्या, नाहीतर घाम गाळा

नवी गाडी घ्यायची, तर मागणी काय मोठी होती? मागच्या सीटला एसी आणि मागच्या काचेला वायपर. बस! पण नाही. बेसला, म्हणजे सगळ्यात स्वस्त मॉडेलला, मागे एसीच्या जाळ्या नाहीत. मधल्या मॉडेलमध्ये जाळ्या आहेत, तर वायपर गायब. दोन्ही हवंय? मग सगळ्यात महाग टॉप मॉडेल घ्या, सोबत सनरूफ गळ्यात!

अहो भाऊ, मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला टेकतो. छत उघडून काय भरिताची वांगी भाजू?

सेल्समन म्हणतो, "दादा, जास्तीचे पैसे हप्त्यात कळणारही नाहीत." वा! किमतीबरोबर वाढणारा रोड टॅक्स आणि विमा तुमचा सेल्समन भरणार का?

वर चौसष्ट रंगांचे दिवे! कपाशीच्या रस्त्यावरून धुळीने माखलेल्या गाडीत आत निळा हवा की जांभळा, हे आमच्या आईने ठरवायचं? तिला गार वारा द्या आधी!