शताधिपतीचा डावा डोळा

ऐंशी माणसांना धाकात ठेवणारा रोमन शताधिपती गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर बसून स्वतःच्याच नाकाच्या शेंड्याकडे बघत होता. (पदाच्या नावात शंभर, पण हाताखाली शिपाई साधारण ८०च. कागदावर एक आणि हजेरीला दुसरंच, ही रीत बरीच जुनी दिसते.) मी रंगवायला घेतला तेव्हा तो करारी होता. चकणा नंतर झाला.

पुतळा रेझिनचा, छातीपर्यंतचा, १/१० मापाचा. खऱ्या माणसाच्या डोळ्याची फट साधारण ३० मिलिमीटर, म्हणजे याची ३. बुबुळ जेमतेम सव्वा. माणसाचा सगळा स्वभाव त्या सव्वा मिलिमीटरात बसतो, हे विकत घेताना कुणी सांगत नाही.

सुरुवात शिस्तीत झाली. साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य पुतळ्यावर राहिलं तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. तेव्हा साबणाचं कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन त्याला काखेपर्यंत घासून आंघोळ घातली. मग रंग धरावा म्हणून काळा प्रायमर, त्यावर डोक्याच्या बाजूने पांढऱ्याचा हलका फवारा, म्हणजे उजेड कुठे पडेल ते आधीच कळतं. या टप्प्याला पुतळा इतका देखणा दिसतो, की शहाण्याने इथेच थांबावं.

मी डोळे काढायला घेतले.

ॲक्रिलिक पटकन वाळतं म्हणतात. वाळतंच. श्वास रोखून ब्रश डोळ्यापर्यंत नेईतो टोकावरच वाळलेलं असतं. पहिल्या खेपेला मी बुबुळं पूर्ण गोल काढली. बायको म्हणाली, "अरे, याला मागून कुणी भॉक केलं का?" वरच्या पापणीखाली बुबुळाचा थोडा भाग झाकलेला असतो, हे तेव्हा कळलं. पुढच्या खेपेला उजवा जमला, तर डावा नाकाकडे वळला. डावा वळवला, तर उजवा कानाकडे निघाला. सातव्या दुरुस्तीपर्यंत रंगाचे इतके थर चढले, की सैन्याच्या ऐन मोहिमेत शताधिपतीला रांजणवाडी झाली. सगळं खरवडून पुन्हा.

आधार म्हणून मार्कुस काएलियुसच्या स्मारकशिळेचे फोटो काढून बसलो. हा शताधिपती इसवी सन ९ मध्ये ट्युटोबर्गच्या अरण्यातल्या युद्धात पडला; शिळा जर्मनीत बॉनच्या संग्रहालयात आहे. छातीवर पदकं, हातात द्राक्षवेलीची छडी. पदकांची मांडणी मी तिथूनच उचलली. डोळ्यांसाठी मात्र उपयोग शून्य. नुसता दगड, बघणार तरी कुठे!

कातडीला ऑइल कलर. ट्यूबमधला रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवायचा. जादा जवसाचं तेल पुठ्ठा शोषतो आणि चेहरा तुपकट दिसत नाही. ॲक्रिलिकवर ऑइल चालतं, ओल्या ऑइलवर ॲक्रिलिक नाही. तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना आणि मातकट पिवळा यलो ऑकर हळूहळू एकमेकांत मिसळताना जो आनंद होतो, तो अवर्णनीय. पण ऑइल वाळत नाही! त्यातही अंबर हा गडद तपकिरी बरा, लवकर सुकतो. टायटॅनियम व्हाइट दिवसच्या दिवस ओला. आणि पांढरा लागतो कुठे? कपाळ, गालफडं, नाक. बोट नेमकं तिथेच टेकतं. आता नाकावर माझ्या अंगठ्याचा ठसा आहे, कोर्टात चालेल इतका स्पष्ट. जबड्यावर दाढीची निळसर झाक जरा जास्त झाली, तेव्हापासून तो थंडीने काकडलेला दिसतो.

"आणि हा तुरा आडवा का बसवलास?" बायको.

शताधिपतीचा तुरा आडवाच असायचा, गर्दीत शिपायांना आपला साहेब ओळखू यावा म्हणून. एवढी एकच गोष्ट माझी बरोबर आली होती, तीही चुकल्यासारखी दिसली.

धूळ बसू नये म्हणून वर खोका पालथा घातला होता. काल उचलला, तर गालावर एक केस. माझाच. डोक्यावर मोजकेच उरलेत, म्हणून चटकन ओळखला. चिमटा घेऊन वाकलो, हात हलला, आणि पापणीखालची ओली सावली डाव्या बुबुळाच्या नाकाकडच्या कडेवर ओढली गेली. डोळा चक्क सरळ झाला.

उजव्याकडे मी अजून पाहिलेलं नाही.