बॉनेट बसत नाही म्हणून ग्राइंडर?

आज दुपारी जळगावात एका गॅरेजमध्ये लाल एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, बघितली आणि तेव्हापासून जीव जळतोय. सुरुवातीच्या वर्षांतली गाडी, ॲल्युमिनियमच्या बॉनेटची. बॉनेट उजवीकडे फेंडरला घासत होतं आणि डावीकडे करंगळी जाईल एवढी फट. पोराने ग्राइंडर उचलला आणि उजवी कड तासून टाकली. का, तर फट मिळाली पाहिजे. विचारलं तर म्हणे, "व्हई जाई, भो." म्हणजे होऊन जाईल, भाऊ.

काय व्हई जाई? त्या कडेला दुमड असते रे. वरचा पत्रा आतल्या सांगाड्यावर दुमडून दाबलेला असतो, आणि त्या दुमडीवर सगळं बॉनेट ताठ उभं असतं. ती तासली की पत्रा वेगळा आणि सांगाडा वेगळा. वीतभर दुमड उघडी पडली आहे तिथे. रंग मारून झाकली जाईल, पण पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी शिरेल आणि ऐंशीच्या स्पीडला पत्रा फडफडायला लागेल.

एमजीबी १९६२ ला आली आणि १९८० पर्यंत बनत होती. आधी बॉनेट ॲल्युमिनियमचं, पुढे स्टीलचं. कुठलं आहे ते कळायला चुंबक पुरतं, ॲल्युमिनियमला चिकटत नाही. हात लावायच्या आधी एवढं तरी बघा. स्टील वाकवून परत आणता येतं. ॲल्युमिनियम एकाच जागी दोनतीनदा वाकवलं की तडा जातो.

खरा दोष कुठे होता सांगू? उजव्या बिजागरीत. ती पार जाम झालेली. बॉनेट उचलताना बिजागरी फिरतच नव्हती, मग फिरणार कोण, तर पत्रा. बिजागरीच्या पुढे रंगात नखभर लांबीची आडवी सुरकुती होती, कुणी वाकून बघितलं असतं तर लगेच दिसली असती. मागचा कोपरा वर्षानुवर्षं ओढला गेला, बॉनेट तिरपं झालं, आणि शिक्षा मिळाली कडेला.

म्हणून पहिलं काम बिजागऱ्यांचं. दोन्ही काढा आणि रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा. सकाळी हाताने फिरवा. एका बोटाने फिरली पाहिजे, आणि आडवी हलवली तर लटपटता कामा नये. लटपटली तर पिन झिजली, मग कितीही ॲडजस्ट करा, पुढच्या खड्ड्याला बॉनेट परत सरकणार. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे चिकटतं तिथे पांढरी भुकटी धरते, ती खरवडून काढा, रंगाचा हात द्या आणि मगच बोल्ट लावा. आणि कृपा करून १३ चा पाना लावू नका. ब्रिटिश गाडी आहे, नट इंची आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मि.मी., तेरा ढिला बसतो आणि नटाचे कोपरे खातो. आजच्या गाडीचे चार बोल्ट असेच गोल झालेले होते.

बिजागऱ्या काढायच्या आधी त्यांच्याभोवती मार्करने रेघ मारा, म्हणजे जुनी जागा हरवत नाही. फेंडरच्या कडांना आणि काचेखालच्या कोपऱ्यांना मास्किंग टेपचे दोन थर. माणसं दोन हवीत, एक इकडे एक तिकडे. एकट्याने बॉनेट उतरवायला गेलात की मागचा कोपरा काचेखालच्या पत्र्यात रुतलाच म्हणून समजा.

आता खरी गंमत. बॉनेट परत ठेवायच्या आधी लॉकची पिन काढून ठेवा आणि पुढची रबरी बफरं पार खाली करा. लोक नेमकं हेच करत नाहीत. पिन जागेवर असली की लॉक बॉनेटला आपल्याकडे ओढतं, तुम्हाला वाटतं मधोमध बसलं, आणि उघडलं की परत तिरपं. बॉनेट आधी फक्त बिजागऱ्यांवर सरळ बसलं पाहिजे. लॉक सगळ्यात शेवटी.

बोल्ट पूर्ण सोडू नका, हाताच्या धक्क्याने बॉनेट सरकेल एवढेच ढिले. गेज म्हणून ४ मि.मी. चा ड्रिल बिट घ्या आणि त्याचा दांडा फटीतून मागून पुढे फिरवा. चार असो की पाच, फट दोन्हीकडे एकसारखी हवी. आधी मागची फट, मग बाजूच्या. कितीही सरकवलं तरी एक बाजू जुळेना, तर टेप घेऊन ज्या चौकटीत बॉनेट बसतं तिचे दोन्ही कर्ण मोजा. तीनचार मि.मी. पेक्षा जास्त फरक आला तर बॉनेटला बोल लावू नका. एमजीबीचे पुढचे फेंडर बोल्टवर असतात, ते ढिले करून सरकवता येतात. आजच्या पोराने फेंडरकडे बघितलंसुद्धा नाही. व्हई जाई!

उंचीचं काम सगळ्यात नाजूक. मागची कड खाली बसली असेल तर बिजागरी आणि बॉनेट यांच्यामध्ये मागच्या बोल्टला पातळ चकती. मागची कड वर आली असेल तर चकती पुढच्या बोल्टला. पातळ म्हणजे अर्ध्या मि.मी. ची. दोन बोल्टांत साधारण पाच सें.मी. अंतर धरा आणि बॉनेट मीटरभर. मागे अर्धा मि.मी. टाकला की पुढे नाकाशी सेंटिमीटरचा फरक पडतो. जाड वायसर कोंबणाऱ्यांना हे समजावून दमायला होतं.

आणि आपल्याकडचं ऊन. हे कुठल्याच इंग्रजी मॅन्युअलमध्ये नसतं. मीटरभर ॲल्युमिनियम ४० अंशांनी तापलं तर जवळपास ०.९ मि.मी. वाढतं, लोखंड त्याच्या निम्मं. मे महिन्यात दुपारी उघड्यावर गाडी ठेवून फट बसवाल तर सकाळची फट वेगळी आणि दुपारची वेगळी. सावलीत, सकाळी नऊच्या आत, गार पत्र्यावर काम करा. ॲल्युमिनियमच्या बॉनेटला फट फार घट्ट ठेवू नका, वाढायला जागा लागते त्याला.

बॉनेट पुढे वर राहत असेल तर दाबू नका, आधी अडतंय कुठे ते शोधा. घरून कणकेचा गोळा आणा, एअर क्लीनरवर आणि रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर थोडा थोडा चिकटवा, वर प्लॅस्टिकचा कागद, आणि बॉनेट हळूच टेकवून उचला. जिथे कणीक चपटी होऊन कागदाएवढी राहिली तिथे अडतंय. बऱ्याचदा कुणीतरी बसवलेलं जाड सील निघतं. बफरं नवी घ्या. आपल्या उन्हात जुनं रबर दगड होतं. ट्यूबचे तुकडे कापून लावतात, महिनाभर चालतात हेही खरं, पण नंतर ते बसतात आणि कोपरे वाजायला लागतात.

मग लॉक. पिनला लॉक नट असतो आणि टोकाला स्क्रू ड्रायव्हरची खाच. पिन लांब ठेवून सुरुवात करा आणि अर्धा अर्धा आटा आत घ्या. बॉनेट फेंडरच्या बरोबरीला आलं की नट आवळा. पहिल्यांदा पूर्ण बंद करायच्या आधी रिलीजच्या खटक्याला एक तार बांधून खालून बाहेर काढून ठेवा. केबल सटकली आणि बॉनेट बंद राहिलं, तर उघडायला हीच तार कामाला येते, नाहीतर परत ग्राइंडर. सेफ्टी कॅच दहादा तपासा. हे बॉनेट मागे बिजागरीवर आहे, भुसावळ रोडला वाऱ्याने उचललं तर सरळ काचेवर येतं. यात तडजोड नाही.

एवढं लिहिल्यावर राग जरा उतरलाय. त्या पोराचा हात वाईट नाही. ट्रॅक्टरचं चेपलेलं बॉनेट तो हातोडी आणि लाकडाच्या ठोकळ्यावर असं सरळ करतो की बघत राहावं. त्याला ही गाडी कुणी शिकवली नाही. मालकाला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर गाडी दारात हवी होती, चार दिवसांचं काम एका दुपारीत मागितलं. तीस-चाळीस वर्षं जपलेल्या गाडीला एक दुपार! दोष वाटायचाच तर अर्ध्याहून जास्त तिकडे जातो. आणि हो, कधी कधी कड थोडी घासावी लागते, मान्य. आधी कुणी पुट्टीचा जाड थर चढवला असेल तर तो घासायचा. पत्रा नाही.

ती दुमड आता ग्राइंडरने गेली ती गेली. पुट्टी भरू नका, उन्हात सुटून येते. एमआयडीसीत ॲल्युमिनियमचं आर्गॉन वेल्डिंग करणारे आहेत, पातळ पट्टी जोडून कड परत बांधता येते. थोडं थोडं, थांबत थांबत, नाहीतर तापून सगळा पत्रा लाटांसारखा होईल. मालकाला तिथेच सांगितलं. आखाजी पुढे ढकलता येत नाही म्हणाले, पण गाडी थांबेल म्हणाले. उजवी बिजागरी आत्ता डिझेलच्या डब्यात आहे. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, ती बोटाने फिरते का ते आधी बघायचं.