आपल्या १ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: तो व्हिडिओ रेकॉर्डेड नव्हता

नमस्कार. आमच्या शोला, म्हणजे गाण्याच्या आवाजावर आणि प्रेक्षकांच्या हालचालींवर पडद्यावर तिथल्या तिथे चित्रं उमटवणाऱ्या कार्यक्रमाला, येऊन आपली संध्याकाळ वाया गेली असं आपल्याला वाटलं, त्याबद्दल दिलगीर आहोत. झगमगाटाचा डोळ्यांना त्रास झाला म्हणालात. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट आम्ही होऊ देत नाही आणि दारावर सूचनाही असते, पण ती आणखी मोठ्या अक्षरांत लावू.

मात्र "आधीच बनवलेला व्हिडिओ लाइव्ह म्हणून खपवतात" हे वाक्य जिव्हारी लागलं. त्याच्या दोनच ओळी खाली आपण लिहिलंय की गायिका मध्येच थांबली तेव्हा "सिस्टीम बंद पडून" पडदा काळा झाला. सिस्टीम बंद पडली नव्हती. साउंड मिक्सरमधून (माइक आणि वाद्यांचा आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून) येणारा आवाज थांबला, म्हणून चित्र थांबलं. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या हॉलमधल्या माइकने टिपल्या आणि पडद्यावर ठिणग्या उडाल्या. गायिका किती वेळ थांबणार हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. रेकॉर्डेड व्हिडिओला कुठून कळणार?

"हात हलवला तरी काही होत नाही, झालं तर उशिरा" याबद्दल जरा सविस्तर सांगतो. आधी उशिराचं: कॉम्प्युटरकडे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे क्षणाक्षणाची मोजमापं, येतात. त्यातले २०४८ जमले की तो बेस किती, वरचे सूर किती हे वेगळं काढतो. एवढे नमुने जमायलाच सुमारे ४३ मिलिसेकंद लागतात. ५१२ वर भागवलं तर उशीर कमी होतो, पण मग ड्रमची किक (मोठ्या ड्रमचा ठोका) आणि बेस गिटार वेगळे न निघता एकाच खणात पडतात आणि पडद्यावर नुसता गोंधळ होतो. हे आम्ही रात्र-रात्र बसून जुळवलेलं आहे. शिवाय आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे स्पीकरपासून १७ मीटरवर तो ५० मिलिसेकंद उशिराच पोचतो, त्यामुळे मागे उभ्या असलेल्याला चित्र आणि ठेका उलट जास्त जुळलेले वाटायला हवेत.

आणि आपण मागेच होता. आपण टाकलेल्या फोटोत समोर सगळ्यांची डोकी आहेत. हात टिपणारा आमचा डेप्थ कॅमेरा (समोरचं माणूस किती लांब आहे ते मोजणारा) साडेचार मीटरच्या पुढचं धड बघू शकत नाही आणि एका वेळी सहाच माणसं ओळखतो. आमच्या सहकाऱ्याने आपल्याला "पुढे या" म्हणून विनवलं, तेव्हा आपण "इथूनच बरं दिसतंय" म्हणालात आणि दोन्ही हातांनी फोन धरून शूटिंग करत राहिलात. त्याला आमची हरकत नाहीच, व्हिडिओ छान आलाय. पण हात हलवले कधी, हे खरंच समजलं नाही. पुढच्या मुलांनी अख्खा पडदा नाचवला तो त्याच कॅमेऱ्यावर. उभं राहायची जागा जमिनीवर पट्टीने आखायचं आमच्या डोक्यात आहेच, बघू.

"जुन्या कॉम्प्युटरवर गाणं लावलं की असंच फुकट दिसायचं" असंही म्हणालात. बरोबर, विनअँप या गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमधला २००१चा मिल्कड्रॉप, म्हणजे गाण्याबरोबर हलणारी चित्रं दाखवणारा भाग, आम्हीही तासन् तास बघितलाय, त्याला नावं ठेवणार नाही. फक्त तो आपल्याकडे बघत नव्हता.

स्टार किती द्यायचे हा आपला अधिकार. पण आमचं घर या शोंवर चालतं आणि आयोजक बोलणी करायच्या आधी हे रिव्ह्यू वाचतात. पुढच्या शोला आमचे पाहुणे म्हणून या, पुढे उभे राहा, फोन खिशात ठेवा. नाहीच जमलं यायला, तर निदान व्हिडिओबद्दलचं ते एक वाक्य तेवढं काढता आलं तर बघा.