कोपऱ्याची रुंदी शून्य

विदर्भात रोही आणि रानडुकरांनी सोयाबीन, तूर लोळवली की दरवर्षी एक सूर निघतो. अमेरिकेसारखं करा, शिकारीचे परवाने विका, जनावरं आटोक्यात राहतील आणि वनखात्याला पैसाही मिळेल. समोरून उत्तर येतं की शिकार हा रानटीपणा आहे, तो आपल्याकडे नको. या वादात सगळं बोलणं बंदूक आणि जनावराभोवती फिरतं. अमेरिकेच्या पश्चिमेकडे राहणाऱ्या माझ्यासारख्याला त्यात जमिनीचा विषय निघत नाही याचं नवल वाटतं, कारण इथे शिकारीतलं अर्धं भांडण बंदुकीचं नसतं, वाटेचं असतं.

वायोमिंग राज्यातला एल्क माउंटन घ्या. रॉलिन्सहून लॅरमीकडे जाताना महामार्ग ८० च्या दक्षिणेला हा ११,१५६ फूट उंच डोंगर दिसतो. त्याच्या अंगाखांद्यावर एल्कचे कळप असतात. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड चुलतभाऊ, काश्मीरच्या हंगुलच्या आणखी जवळचा. पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. डोंगरावरची हजारो एकर जमीन सरकारी, म्हणजे कुणीही जाऊन शिकार करावी अशी. पण ती खासगी रँचच्या, म्हणजे गुरांच्या मोठ्या वाडीच्या, जमिनीत चौकोना-चौकोनाने गुंतलेली आहे, आणि बऱ्याच सरकारी चौकोनांना रस्ताच नाही.

हे गुंतणं रेल्वेमुळे झालं. १८६२ आणि १८६४ च्या कायद्यांनी युनियन पॅसिफिकला रूळ टाकण्याच्या बदल्यात मार्गाच्या दोन्ही बाजूंना वीस मैलांपर्यंतचे विषम क्रमांकाचे चौकोन दिले, सम क्रमांकाचे सरकारने ठेवले. एक चौकोन म्हणजे एक मैल बाय एक मैल, ६४० एकर. इथे त्याला सेक्शन म्हणतात. ३६ सेक्शनची एक टाउनशिप. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात आणि नांगराच्या तासाच्या टोकाला बैल वळावेत तसे ओळीच्या शेवटी वळून उलटे मोजले जातात. त्यामुळे सम-विषम आपोआप बुद्धिबळाच्या पटासारखे पडतात. पांढरं घर सरकारचं, काळं रेल्वेचं, पुढे रेल्वेने विकून रँचवाल्याचं. एका पांढऱ्या घरातून दुसऱ्यात जायचं तर फक्त कोपरा आहे. कोपरा म्हणजे बिंदू, आणि बिंदूला रुंदी नसते. ऑनएक्स या नकाशे करणाऱ्या कंपनीच्या २०२२ च्या हिशेबाने पश्चिमेतली ८३ लाख एकर सार्वजनिक जमीन अशी कोपऱ्यात अडकलेली आहे.

मिसुरीहून आलेल्या काही शिकाऱ्यांनी २०२० मध्ये एल्क माउंटनवर असा कोपरा ओलांडला. कोपऱ्यावर मालकाने लोखंडाचे दोन खांब रोवून साखळी घातली होती, वर 'प्रवेश बंद'च्या पाट्या. त्यांनी खांब धरून अंग फिरवलं आणि पलीकडच्या सरकारी चौकोनात उतरले. २०२१ मध्ये चौघे आले, ते लोखंडी शिडी घेऊन: दोन पाय या सरकारी चौकोनात, दोन पाय त्या, मधल्या खासगी मातीला बूट लागला नाही. तरीही अतिक्रमणाचा फौजदारी खटला झाला. एप्रिल २०२२ मध्ये कार्बन काउंटीच्या ज्युरीने चौघांना निर्दोष सोडलं. रँच जिच्या मालकीची आहे त्या आयर्न बार होल्डिंग्ज या कंपनीने वेगळा दिवाणी दावा लावला होता आणि जमिनीची किंमत पडेल म्हणून ७० लाख डॉलरहून जास्त नुकसान सांगितलं होतं. मालकाच्या बाजूचा मुद्दा पोकळ नव्हता. वायोमिंगच्या कायद्यात जमिनीवरचं आकाशही जमीनमालकाचं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. खांदा आणि पाठपिशवी काही क्षण त्या आकाशातून गेलीच होती.

या दाव्याचा निकाल ठरवला तो १८८५ च्या एका कायद्याने. पशुधनाचे बडे मालक सरकारी कुरणांभोवती तारा ओढून ती गिळत होते, म्हणून सार्वजनिक जमिनीला कुंपणाने कोंडायला मनाई करणारा हा कायदा आला. १८९७ च्या कॅमफील्ड खटल्यात तर मालकाने तार फक्त स्वतःच्या विषम चौकोनांत, पण अशा खुबीने घातली होती की मधली सरकारी जमीन आपोआप कोंडली जावी. सर्वोच्च न्यायालयाने ते कुंपण काढायला लावलं. याच्या उलट, १९७९ च्या लिओ शीप खटल्यात सरकारला खासगी कोपऱ्यावरून धरणाकडे रस्ता काढायचा होता, तेव्हा न्यायालयाने तसा हक्क गृहीत धरता येत नाही म्हटलं. रस्ता बांधता येत नाही, पण माणसाला अडवताही येत नाही, या दोन निकालांमधल्या फटीतून आताचा निकाल आला. मे २०२३ मध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालय, मार्च २०२५ मध्ये दहावं सर्किट (काही राज्यांसाठीचं केंद्रीय) अपील न्यायालय शिकाऱ्यांच्या बाजूने गेलं, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकाचा अर्ज ऐकायला नकार दिला.

निकाल लागला म्हणून शिडी उचलून निघावं असं मात्र नाही. तो वायोमिंग, कोलोरॅडो, यूटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस, ओक्लाहोमा या सहा राज्यांपुरता आहे. शेजारचा मोंटाना नवव्या सर्किटमध्ये येतो आणि तिथलं वन्यजीव खातं कोपरा ओलांडणं बेकायदाच धरतं. आणि जिथे चालतं तिथेही सगळं अचूकपणावर आहे. उघड्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे होतो, त्यात ॲपमधली हद्दीची रेघही कधी कधी सरकलेली असते. बिंदू गाठायला पाच मीटरची चूक म्हणजे चार चौकोनांपैकी कुठल्याही चौकोनात उभं असणं. म्हणून फोन फक्त जवळ पोचायला वापरायचा. नकाशे आधीच उतरवून ठेवायचे, कारण तिथे रेंज नसते. मग जमिनीवर मोजणीची खूण शोधायची. नवी असेल तर लोखंडी नळीवर पितळी टोपी, तळहातापेक्षा लहान, तीवर चारही सेक्शनचे आकडे आणि मोजणीचं साल ठोकलेलं. जुनी असेल तर नुसता दगड, कडेला खाचा पाडलेला, शेजारी दगडांचा ढीग, आणि त्यावर सेजब्रशचं झुडूप वाढलेलं. टाउनशिपच्या उत्तर आणि पश्चिम कडेच्या सेक्शनांत मोजणीची सगळी चूक ढकललेली असते, त्यामुळे तिथला कोपरा मैलाच्या हिशेबाने काढायला गेलं की हमखास चुकतो. खूण सापडली नाही तर तो कोपरा सोडून द्यायचा.

कोपऱ्यालगत रँचचा खांब असेल तर त्याला हात लावायचा नाही, कुंपणावर भार द्यायचा नाही. दुमडणारी हलकी शिडी असली तर उत्तम. आणि घोडं चालत नाही. बिंदूवरून चार पायांचं जनावर नेणं अशक्य, म्हणजे मारलेलं मांस पाठीवरून आणावं लागतं, आणि खरा घोळ इथेच होतो. नर एल्कचं हाडं काढलेलं मांस ८० ते ११० किलो भरतं. माणशी २५-३० किलोचं ओझं धरलं तरी चार खेपा, म्हणजे त्या बिंदूवरून आठ वेळा पाय टाकणं, त्यातले निम्मे अंधारात, कपाळावरच्या दिव्यात, शिंगं दोन्ही बाजूंना पसरलेली. दमलेला माणूस पाठपिशवी टेकवायला बघतो ती नेमकी चुकीच्या बाजूला. शिंगं शेवटच्या खेपेला एकटी न्यावीत. ऑक्टोबरातही दुपारी ऊन असेल तर कातडी लगेच काढून मांस जाळीदार पिशव्यांत टांगायचं. मागच्या मांडीच्या सांध्याशी उष्णता कोंडली की मांस आतून आंबतं आणि वरून काही कळत नाही. वायोमिंगमध्ये जागेवरून हलण्याआधी परवान्याच्या कूपनवर तारीख आणि सही करायची आणि नर-मादीचा पुरावा मांसासोबत ठेवायचा. खेपांच्या घाईत हेच राहून जातं आणि दंड होतो.

त्याहून मोठी चूक हद्दीजवळ गोळी घालण्याची. फुप्फुसात बसलेली गोळी घेऊनही एल्क शंभर-दीडशे मीटर पळतो. तो तारेपलीकडे पडला तर मालकाच्या परवानगीशिवाय आणता येत नाही. वन्यजीव खात्याच्या वॉर्डनला बोलवावं लागतं आणि मालक नाही म्हणाला तर जनावर तिथेच सडतं. म्हणून हद्दीपासून दोनशे-तीनशे मीटर आत असल्याशिवाय बंदुकीच्या चापाला बोट लावू नये. वाऱ्याचंही तेच. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन चढलं की वर. सकाळी वरच्या अंगाला बसलात तर तुमचा वास खालच्या रँचच्या कुरणात पोचतो. एल्क याबाबत फार शहाणे असतात. बंदुकीचा मोसम उघडून दोन-तीन दिवस झाले की ते सरकारी रान सोडून खासगी रँचमध्ये जाऊन बसतात आणि मोसम संपेपर्यंत तिथून हलत नाहीत. हद्द त्यांना कुणी शिकवलेली नाही, गोळी कुठे वाजते ते कळतं.

म्हणजे हरिण कायद्याने जनतेचं, पण जमीन ज्याची त्याचंच ते बहुतेक वेळा होतं. या ओढाताणीवर वायोमिंगने काढलेला एक उपाय आपल्याकडच्या भरपाईच्या वादात कुणी मांडताना दिसत नाही. एल्कने रँचचं वाळलेलं गवत खाल्लं तर राज्य भरपाई देतं, पण मोसमात आपल्या जमिनीवर शिकारीला मज्जाव करणाऱ्याला ती मिळत नाही. आत येऊ द्या आणि भरपाई घ्या, असा रोखठोक व्यवहार. भरपाईही घ्यायची आणि दारही बंद ठेवायचं, हे जमत नाही.

परवान्याच्या पैशाचं गणितही नीट बघायला हवं. वायोमिंगमध्ये रहिवाशाला एल्कचा परवाना ५७ डॉलरला आणि बाहेरच्याला ६९२ डॉलरला पडत आलाय. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के (पिस्तुलांवर १० टक्के) कर बसतो आणि तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. हे खरंच चालतं, आणि शिकार म्हणजे नुसती क्रूरता म्हणणाऱ्यांनी ते मान्य करायला हवं. पण हा माणूस पैसे का भरतो? त्याला शंभर किलो मांस घरी न्यायचं असतं. ते विकायला इथेही बंदी आहे, पण खायला नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी मिळू शकते, पण मेलेलं जनावर कलम ३९ नुसार सरकारचं. मग हौशी शिकारी पुण्याहून यवतमाळला पैसे भरून कशासाठी येईल? फोटोसाठी? तशा शिकाऱ्याला विदर्भात बोलवू नये हेच बरं.

आणि तो उभा कुठे राहील? वायोमिंगचं क्षेत्रफळ २ लाख ५३ हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या सहा लाखांच्या आत. मोठ्या रायफलची गोळी चार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणून इथे मागे डोंगराचा उतार असल्याशिवाय बार काढू नये हे पहिल्याच धड्यात शिकवतात. १ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तो अभ्यासक्रम सक्तीचा आहे. महाराष्ट्रात सरासरी खातं २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टर होतं. वायोमिंगच्या एका सेक्शनमध्ये आपले १९० खातेदार बसतील, आणि तुरीच्या दिवसांत त्यातले कितीतरी रात्री माचाणावर जागलीला असतात. सपाट शिवारात गोळीमागे उतार नसतो, माणूस असतो. विदर्भाला शिकारीचा मोसम नको. वनखात्याने नेमलेले मोजके नेमबाज, ठरलेली रात्र, आधी दवंडी आणि वेळेवर परवानगी हवी.

इथल्या मराठी मंडळींसाठी एक सांगून ठेवतो, कारण डेन्व्हर आणि सॉल्ट लेककडच्या नोकऱ्यांमुळे काहींना हा छंद लागतोय. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस बाळगणं केंद्रीय गुन्हा आहे. राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हातात असणं हा त्यातला एक अपवाद. म्हणजे परवाना आधी, बंदूक नंतर. मित्राची रायफल गाडीत घेऊन नेमबाजीला जाणंसुद्धा परवान्याशिवाय अंगलट येतं. शिवाय वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्या माणसाला अधिकृत वाटाड्या किंवा स्थानिक रहिवाशाच्या सोबतीशिवाय संरक्षित केंद्रीय अरण्यात मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही. फिरायला, मासे पकडायला एकटं जाता येतं. हा नियम वाटाड्यांच्या धंद्यासाठी आहे असं बोललं जातं, आणि ते पटतं.

वाटेच्या बाबतीत मात्र आपला कायदा इथल्यापेक्षा सरळ आहे. शिडीचा खटला सुरू झाल्यापासून संपेपर्यंत चार वर्षं गेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये दुसऱ्याच्या बांधावरून शेतात जायचा हक्क तहसीलदार ठरवू शकतो, आणि शेतकऱ्याला वाजवी वाट हवी हे त्याने बघायचं असतं. असलेली वहिवाट कुणी अडवली तर १९०६ चा मामलेदार न्यायालय कायदा आहे. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा, उशीर झाला की दार बंद. प्रकरणं बिघडतात ती बहुधा कागदावर. बांध ज्यांच्यात सामाईक आहे त्या सगळ्यांना सामनेवाले केलेलं नसतं, एका चुलत्याचं नाव सातबाऱ्यावर असून नोटिशीत नसतं, आणि दोन वर्षांनी तोच चुलता अपिलात आदेश पाडतो. अर्जाआधी लगतच्या प्रत्येक गटाचा ताजा सातबारा काढावा आणि स्थळपाहणीच्या दिवशी मोजणीचा दगड उघडा करून ठेवावा. नांगरात दगड निघून गेला असेल तर आधी भूमी अभिलेखकडे हद्दीची मोजणी मागावी.