युद्धकाळचा रेडिओ आणि देवाचं नाव: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

ठाण्यातल्या आणि ऐरोली-वाशीकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: 'दुसऱ्या महायुद्धात रेडिओवरून देवाधर्माची भाषा हुकूमशहांनीच केली. चर्चिल, रूझवेल्ट निव्वळ तर्काने बोलले. संकट आल्यावर स्टालिननेही रेडिओवर प्रार्थना म्हटली. सुभाषबाबूंनी तर धर्मयुद्धच पुकारलं.' सोबत चर्चिलच्या आवाजातली खरखरती क्लिप. यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

आधी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट. ६ जून १९४४ ला फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं. त्या रात्रीचं त्यांचं रेडिओभाषण, सुरुवातीची दोन-तीन वाक्यं सोडली, तर अख्खी प्रार्थनाच आहे. लोकांना घरी बसून सोबत म्हणता यावी म्हणून मजकूर वर्तमानपत्रांना आधीच दिला होता. ते विजय मागतात, पण काही मुलं परतणार नाहीत हेही सांगतात आणि त्यांना पदरात घे म्हणतात. शेवट होतो 'तुझी इच्छा असेल तसं होवो' या शब्दांनी.

हिटलरही दैवी शक्तीचं नाव घेतो, हे खरं. २० जुलै १९४४ ला त्याला मारण्यासाठी ठेवलेल्या बॉम्बमधून वाचल्यावर मध्यरात्र उलटून गेल्यावर तो रेडिओवर आला. आपण वाचलो, म्हणजे आपलं कार्य पुढे चालवावं असा विधात्याचाच कौल आहे, असा अर्थ त्याने लावला. रूझवेल्ट देवापुढे हात जोडतात. हिटलर देवाची सही स्वतःच्या कागदावर दाखवतो. ऐकताना हा फरक धरला नाही, तर सगळंच एका मापाने मोजलं जातं.

चर्चिलचं ब्रिटनचे पंतप्रधान म्हणून पहिलं रेडिओभाषण १९ मे १९४० चं. आज ट्रिनिटी संडे (ख्रिस्ती सणाचा रविवार) आहे, असं सांगून ते मॅकबी ग्रंथातल्या ओळींनी शेवट करतात. हा ग्रंथ ज्यूंच्या बंडाचा. चर्चिलनी त्या ओळी जशाच्या तशा घेतल्या नाहीत: 'आपले लोक' होतं तिथे 'आपलं राष्ट्र' आलं. १८ जूनला तर ख्रिस्ती संस्कृतीचं अस्तित्वच या लढाईवर अवलंबून आहे, असं ते म्हणाले. त्याच साम्राज्यासाठी लढणारे हिंदू, मुसलमान, शीख जवान या वाक्यात कुठे बसतात, हे आपण तरी विचारायला हवं.

आता ती क्लिप. तिच्यातलं 'किनाऱ्यांवर लढू' हे भाषण ४ जून १९४० ला संसदेत झालं. त्या रात्री रेडिओवर निवेदकाने उतारे वाचले. चर्चिलच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण १९४९ मधलं आहे. म्हणून कुठलीही क्लिप आली की आधी तीन गोष्टी बघाव्यात: तारीख, त्या दिवशी माइकसमोर कोण होतं, आणि ध्वनिमुद्रण कधीचं.

स्टालिन ३ जुलै १९४१ ला बोलला. 'बंधूंनो आणि भगिनींनो' या संबोधनात प्रवचनाचा सूर आहे, तरुणपणी तो धर्मपाठशाळेतच शिकला होता. पण भाषणात प्रार्थना नाही. धर्मपीठाचं आवाहन जर्मनीने रशियावर हल्ला केला त्याच दिवशी, २२ जूनला निघालं होतं. ते रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख धर्मगुरू मेट्रोपॉलिटन सर्जियस यांचं, आणि तेही लेखी.

राहिले सुभाषबाबू. ६ जुलै १९४४ ला गांधीजींना उद्देशून केलेल्या भाषणात 'पवित्र युद्ध' हे शब्द आहेत. त्याचं मराठीत 'धर्मयुद्ध' झालं, आणि घोळ तिथेच झाला. जुन्या मराठीत धर्मयुद्ध म्हणजे नियमांनी लढलेलं युद्ध: निःशस्त्रावर वार नाही, सूर्यास्तानंतर शस्त्र खाली. आज तोच शब्द एका धर्माने दुसऱ्याशी लढणं असा ऐकू येतो. सुभाषबाबूंचा शत्रू साम्राज्य होतं. २१ ऑक्टोबर १९४३ ला सिंगापुरात त्यांनी ईश्वराच्या नावाने शपथ घेतली, ती भारत आणि आपल्या ३८ कोटी देशबांधवांना मुक्त करण्याची. त्या ३८ कोटींत सगळ्या धर्मांचे लोक मोजलेले आहेत.