‘एका रुपयाचे तीनशे डोंग’ आणि दहा हजारांतला व्हिएतनाम

गेले कित्येक महिने एक निरोप घरच्यांच्या, सोसायटीच्या, जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच. व्हिएतनाममध्ये एका रुपयाचे तीनशे डोंग मिळतात, म्हणून तिथे आपला रुपया राजा. विमान आणि हॉटेल झालं की पाच दिवसांच्या वरखर्चाला माणशी दहा हजार रुपये पुष्कळ. रुपयेच घेऊन जा, कुठेही बदलून मिळतात, नाहीतर कार्ड आहेच. पॅकेज घेतलं असेल तर खिशात हात घालायची वेळच येत नाही. बाजारात सांगतील त्याच्या पाव किंमत बोला. आणि उरलेले डोंग इथे आल्यावर बदलून घ्या.

मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं मिळू लागल्यापासून पहिला परदेश प्रवास म्हणून व्हिएतनाम निवडणारे खूप वाढले, आणि त्यात निवृत्त जोडपी बरीच आहेत. अनोळखी भाषेच्या देशात तिसऱ्या दिवशी पाकीट रिकामं होणं त्यांच्यासाठी साधी गोष्ट नाही. म्हणून हा निरोप एकेक मुद्दा घेऊन तपासायला हवा.

सगळ्यात मोठा घोळ पहिल्याच वाक्यात आहे. दर साधारण बरोबर आहे. एका रुपयाला २९० ते ३०० डोंग पडतात. पण नोटेवर शून्यं किती आहेत यावरून देश स्वस्त की महाग हे कळत नाही. एका रुपयाला पावणेदोन येनच्या आसपास मिळतात आणि दक्षिण कोरियाचे साधारण सोळा वॉन. म्हणून टोकियो किंवा सोलमध्ये आपण राजे ठरतो का? डोंगवरची शून्यं जुन्या महागाईची आहेत. १९८५च्या चलनबदलानंतर तिथे भाव असे भडकले की १९८६ साली महागाईचा दर ७०० टक्क्यांच्या वर गेला. त्याच वर्षी ‘दोई मोई’ नावाच्या आर्थिक सुधारणा सुरू झाल्या, पुढे भाव आटोक्यात आले, पण शून्यं राहून गेली. २०२४ साली व्हिएतनामचं दरडोई उत्पन्न सुमारे ४,७०० डॉलर होतं, भारताचं सुमारे २,७००. आपल्यापेक्षा सरासरीने जास्त कमावणाऱ्या देशात आपला रुपया राजा कसा होईल?

पाहायचं असतं ते त्या पैशांत ताटात काय येतं. फुटपाथवरचा बान्ह मी, म्हणजे तिथला भरलेला पाव, २५ ते ४० हजार डोंगांना मिळतो. आपल्या हिशेबाने ८५ ते १३० रुपये. फोचा (तांदळाच्या शेवयांच्या सूपचा) वाडगा ५० ते ८० हजारांना, म्हणजे १७० ते २७० रुपये. चव आणि मापाच्या मानाने हे भाव चांगलेच आहेत, यात वाद नाही. पण पुण्यात किंवा नाशिकमध्ये पोटभर नाश्ता याहून स्वस्तात होतो.

आता दहा हजारांचा हिशेब मांडू. दहा हजार रुपयांचे ३० लाख डोंग, पाच दिवसांनी भागले तर रोजचे ६ लाख. सकाळची न्याहारी हॉटेलात धरू. दुपारी फो किंवा भाताची थाळी ७० हजार, एक कॉफी ४० हजार, पाणी आणि फळं ४० हजार, ग्रॅबच्या (तिथल्या ओला-उबरसारख्या अ‍ॅपच्या) गाडीच्या दोन फेऱ्या १ लाख २० हजार. रात्री आपल्या चवीचं जेवण हवं म्हणून भारतीय हॉटेलात गेलात तर माणशी अडीच ते तीन लाख. झाले साडेपाच लाख. अजून एकही तिकीट काढलेलं नाही, एकही वस्तू घेतलेली नाही.

तिकिटांचा भार काय असतो ते पाहा. मध्य व्हिएतनाममधल्या दा नांग शहराजवळ बा ना हिल्सवर दोन प्रचंड हातांनी तोलून धरलेला सोनेरी पूल आहे, २०१८ साली खुला झालेला. त्याचा फोटो या निरोपासोबत हमखास असतो. तिथल्या केबल कारसह प्रवेशाला माणशी ९ ते १० लाख डोंग लागतात. म्हणजे निरोपातल्या पाच दिवसांच्या वरखर्चाचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका सकाळी गेला. दा नांगजवळच्याच होई आनच्या जुन्या गावाचं तिकीट १ लाख २० हजार. त्याच गावात एका दिवसात कपडे शिवून देणारे शिंपी रांगेने बसलेले असतात. तिथून रिकाम्या हाताने परतायचं ठरवून गेलेले लोकसुद्धा ब्लेझर घेऊन येतात.

माझा अंदाज असा: जेवण, फिरणं आणि किरकोळ खर्चाला माणशी रोज ९ ते १० लाख डोंग, म्हणजे ३,००० ते ३,३०० रुपये. तिकिटांचे पाच दिवसांचे चार-पाच हजार रुपये वेगळे. एकूण वीस-बावीस हजार, निरोपातल्या रकमेच्या दुप्पट. खरेदी यात धरलेली नाही. मासे-मांस खाणारा, रस्त्यावर बसून जेवणारा आणि दुचाकी टॅक्सीने फिरणारा माणूस याहून बऱ्याच कमी पैशांत राहील. शाकाहारी माणसाला ते कठीण जातं, कारण साध्या भाजीतही फिश सॉस असतो. बौद्ध परंपरेमुळे शाकाहारी खानावळी मात्र आहेत, चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तर अनेक व्हिएतनामी लोक स्वतःच मांसाहार टाळतात. हॉटेलजवळची अशी एक खानावळ आधीच नकाशावर शोधून ठेवली, तर रोज रात्री भारतीय हॉटेल गाठावं लागत नाही आणि त्या एका गोष्टीने खर्च बराच उतरतो.

‘रुपयेच घेऊन जा’ हा सल्ला सरळ नुकसानीचा आहे. नेपाळ-भूतान सोडून इतर देशांत जाताना २५ हजारांपर्यंतच्या भारतीय नोटा सोबत नेता येतात, पण व्हिएतनाममध्ये रुपया बदलून देणारं ठिकाण शोधावं लागतं आणि दर वाईट मिळतो. डोंग इथे सहज मिळत नाहीत. म्हणून डॉलर न्यायचे, बँकेतून किंवा अधिकृत मनी चेंजरकडून घेऊन. पॅन लागतो, आणि रक्कम ५० हजार रुपयांच्या वर असेल तर पैसे रोख न देता खात्यातून द्यावे लागतात. शंभर डॉलरच्या कोऱ्या, न मुडपलेल्या, काही न लिहिलेल्या नोटा मागून घ्या. तिथे मोठ्या नोटेला दर चांगला मिळतो आणि चुरगळलेली नोट नाकारली जाऊ शकते. विमानतळावर टॅक्सी आणि सिमकार्डापुरतेच बदला, बाकीचे शहरातल्या बँकेत.

कार्डाचं निरोपात म्हटलंय तेवढं सोपं नाही. हॉटेल, मॉल, मोठी रेस्टॉरंट इथे चालतं; फोची गाडी, छोटा कॅफे, बाजारातली आजी यांना रोखच लागते. टपरीवर क्यूआर दिसतो म्हणून हायसं वाटून घेऊ नका, तो तिथल्या बँक खात्यांसाठीचा व्हिएतक्यूआर असतो. बहुतेक भारतीय क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाच्या खर्चाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड परदेशातल्या वापरासाठी बंदच असतं, ते बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः चालू करावं लागतं. हे घरून करा. मुंबईच्या विमानतळावर ओटीपीची वाट पाहत करू नका. एटीएमने किंवा दुकानातल्या यंत्राने ‘रुपयांत आकारू का’ असं विचारलं, तर नाही म्हणा आणि डोंगच निवडा. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो, आणि तो आपल्या फायद्याचा नसतो. अनेक एटीएम एका वेळी २० ते ३० लाख डोंगच देतात आणि दर वेळी शुल्क घेतात, त्यामुळे थोडे थोडे काढणं महाग पडतं. जोडप्याने तीनशे-चारशे डॉलर रोख आणि वेगवेगळ्या खात्यांची दोन कार्डं, तीही वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावीत.

नोटांबद्दल निरोपात एक अक्षर नाही, आणि पैसे सगळ्यात जास्त तिथेच निसटतात. सगळ्या नोटांवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा. २० हजारांची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळसर. पहिली साधारण ६५ रुपयांची, दुसरी साडेसोळाशेच्या पुढची. संध्याकाळच्या उजेडात, रिक्षावाला घाई करत असताना, ही चूक कोणाकडूनही होते. ५ लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना आकडा मोठ्याने वाचा. हिशेबासाठी शेवटची तीन शून्यं झाकायची, उरलेल्या आकड्याची तिप्पट करायची आणि वर एक दशांश मिळवायचा. पाट्यांवर तिथेही तीन शून्यं गाळून ‘के’ लिहितात, त्यामुळे ५०के म्हणजे दीडशे आणि पंधरा, १६५ रुपये.

पॅकेजमध्ये सगळं येतं, हेही तपासून पाहा. हा लाँग उपसागरातल्या सफरीच्या बोटीवर जेवण असतं, पण पेयांचं बिल बहुधा वेगळं. गाइड आणि चालकाची टिप म्हणून अनेक टूर कंपन्या माणशी रोज काही डॉलर वेगळे घेतात, आणि हे कार्यक्रमपत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात असतं. ई-व्हिसाचे २५ डॉलर धरलेत का, कोणत्या दिवशी दुपारचं जेवण ‘स्वखर्चाने’ आहे, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा.

पाव किंमत बोलण्याबद्दल थोडंच. हो ची मिन्ह सिटीतल्या बेन थान बाजारात घासाघीस चालते, खुशाल करा. फोच्या दुकानात किंवा किंमत छापलेल्या दुकानात ती करू नका. आणि सकाळी दुकान उघडताना तर अगदी जपून: आपल्या भवानीसारखीच तिथेही पहिल्या गिऱ्हाइकाची श्रद्धा आहे. भाव पाडून काहीच न घेता निघून गेलात तर आपला दिवस खराब गेला असं दुकानदार बाई मानते. शंभर रुपये वाचवण्यासाठी हे करू नये.

राहता राहिले उरलेले डोंग. डोंग घेणारा मनी चेंजर इथे क्वचितच भेटतो, आणि भेटला तरी दर मनाला लागेल असा. शेवटच्या दोन दिवसांत लागतील तेवढेच डॉलर मोडा. तरीही डोंग उरले तर परतीच्या विमानतळावर, पासपोर्ट आणि तिकीट दाखवून, आत जाण्याआधी डॉलर करून घ्या.