घरपोच ज्येष्ठसेवा: होतकरू संस्थाचालकांसाठी

सरकारी अनुदानावर म्हाताऱ्यांची घरी जाऊन सेवा करणारी संस्था काढायचं मनात असेल तर आधी अभिनंदन. काम उत्तम आहे. इथलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जात नाही, कारण त्याला उठता येत नाही. तक्रारही करत नाही, कारण फोनवर त्याला ऐकू येत नाही.

माझी आत्ती कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहते. वय 84. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अशाच एका संस्थेची ‘लाभार्थी’ आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको. तिच्या खाटेजवळ बसून जे शिकलो ते तुमच्यासाठी लिहितोय.

आधी बॅनर छापा. पैसे उरले तर बीपीचं मशीन घ्या. त्याहूनही उरले तर त्यात सेल घाला.

येण्याची वेळ सांगू नका. ‘दहा ते सहाच्या दरम्यान’ एवढं पुरे. आत्ती सकाळपासून वेणी घालून, लुगडं नीट करून बसते. कुणी येईल म्हणून दुपारी आडवी होत नाही. येणार नसाल तर तसं कळवायच्या भानगडीत पडू नका. फोनला खर्च येतो आणि वाट बघायला म्हाताऱ्यांना काय काम असतं? मी एकदा ऑफिसात विचारलं, तर उत्तर मिळालं, “आज्जी घरातच असतात की.” आत्तीला सांगितल्यावर ती म्हणाली, “असतो की. मी काय पळून जातो व्हय?”

दर खेपेला नवी मुलगी पाठवा. हे फार महत्त्वाचं. एकच मुलगी चार वेळा आली की तिची ओळख होते, आणि ओळख झाली की तिला दिसायला लागतं. गेल्या आठवड्यापेक्षा पायाला सूज जास्त आहे, आज्जी आज नीट जेवल्या नाहीत, पाठीला लाल चट्टा पडलाय. दिसलं की लिहावं लागतं, लिहिलं की कुणाला तरी कळवावं लागतं. नव्या मुलीला हे काही दिसत नाही, ती फक्त सही घेते. (या पोरींवर माझा राग नाही. त्या स्वतःच्या स्कूटीत स्वतःचं पेट्रोल घालून फिरतात आणि मानधन कधी येणार हे त्यांनाही ठाऊक नसतं.)

प्रशिक्षण एका दिवसात उरका. जेवण चांगलं ठेवा.

‘काय हवंय?’ असं चुकूनही विचारू नका. आत्तीला पायाची नखं कापून हवी होती, वाकता येत नाही म्हणून ती मांसात रुतायला लागली होती. “ते आमच्या फॉरमॅटमध्ये नाही आज्जी,” असं उत्तर आलं. फॉरमॅटमध्ये ‘समुपदेशन’ होतं, ते मात्र झालं. दारातून, चप्पल न काढता.

आता फोटो. सगळी संस्था याच्यावर चालते, म्हणून नीट लक्ष द्या. परवा तिघं जण आले. एकाच्या हातात बॅनर, एकाच्या हातात मोबाइल, तिसऱ्याच्या हातात नवा कोरा वॉकर. आत्ती औषध घेऊन नुकतीच झोपली होती. तिला उठवलं. डोक्यावर पदर घेऊ द्यायला सवड नव्हती, कारण त्यांना अजून पुढच्या गल्लीत जायचं होतं. बसतं केलं, दोन्ही हात वॉकरवर ठेवले, मागं बॅनर धरला. पहिल्या फोटोत बॅनरवरचं साहेबांचं तोंड कापलं गेलं म्हणून दुसरा. दुसऱ्यात आत्तीचे डोळे मिटलेले म्हणून तिसरा. “आज्जी, जरा हसा की!” खुब्यात कळ येत असताना माणूस कसा हसतो हे मला बघायचं होतं, तेही बघितलं. मग जिओटॅग (फोटो कुठं काढला त्याची नोंद) लागला का ते तपासलं, मशिनवर अंगठा घेतला. तो लागेना. जन्मभर भाकऱ्या थापलेल्या बोटांवर रेघा उरतील कशा? मग मोबाइल तोंडासमोर धरून “डोळे मिचकावा” सुरू झालं. मोतीबिंदू झालेल्या बाईला डोळे मिचकावायला लावून तिचं जिवंतपण सरकारला पोचवलं. आणि वॉकर? वॉकर परत घेऊन गेले. होय, परत! “हा फोटोपुरता आहे. वाटप कार्यक्रमात होणार. लाभार्थी प्रत्यक्ष हजर पाहिजे.” कार्यक्रम कुठं, तर एका हॉलमध्ये. हॉल कितव्या मजल्यावर, तर दुसऱ्या. लिफ्ट आहे का, तर “बघतो.” ज्या बाईला चालता येत नाही म्हणून वॉकर मंजूर झाला, तिनं तो घ्यायला जिने चढून यायचं. आली नाही तर ‘लाभार्थी अनुपस्थित’. मी म्हटलं, मी नेतो, माझं आधार घ्या. तर माझं वय बसत नाही म्हणे! सरकार असली साधनं फुकट देतं, केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे. काठी, वॉकर, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची, कवळीसुद्धा त्यात बसते. देणाऱ्यानं दिलं, पण मधल्या वाटेवर कॅमेरा बसलाय त्याचं काय?

असो. सल्ल्याकडे वळू.

कायद्याला भिऊ नका. ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह आणि कल्याण यांचा 2007 चा कायदा आहे, पण त्यात मुख्य धाक पोटच्या पोरांना. मुलगा बघत नसेल तर प्रांतांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये निर्वाहभत्ता मिळू शकतो. घरी येऊन सेवा करणाऱ्यांचं काय? डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत एक दुरुस्ती विधेयक आलं होतं. अशा संस्थांची नोंदणी करावी, माणसं प्रशिक्षित असावीत, त्यांची पोलिस पडताळणी व्हावी, असलं काहीबाही त्यात होतं. ते पडून राहिलं, 2024 ला लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक बारगळलं. पेढे वाटा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी पोलिस ठाण्यानं ठेवावी, महिन्यातून एकदा भेट द्यावी, असंही नियमात आहे. आत्तीनं गल्लीत पोलिस पाहिलाय तो गणपतीत.

परदेशी फॅडापासून तर दूरच राहा. माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो. तिकडं म्हणे 1 नोव्हेंबर 2025 पासून नवा कायदाच लागू झालाय. सरकारी पैशानं घरी सेवा द्यायची तर म्हाताऱ्या माणसाशी करार करायचा, त्याला काय हवं ते विचारून आराखडा करायचा, वर्षातून एकदा तरी तो पुन्हा तपासायचा, आणि त्याच्या नावचे पैसे कशावर गेले याचा हिशेब दर महिन्याला त्याच्याच हातात द्यायचा. व्यवस्थापनाच्या नावाखाली दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैशांवर हात मारायचा नाही. तिकडंही रांगा आहेत, लोक महिनोन्‌महिने थांबतात, भाऊच सांगतो. पण हिशेब? म्हाताऱ्याला? आपल्याकडं हिशेब उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे अनुदान खर्च झालं म्हणून सरकारला द्यायच्या कागदात जातो आणि ते लाभार्थ्याला दाखवायची पद्धत नाही.

तक्रारवही ऑफिसात ठेवा. कुलपात.

1 ऑक्टोबरला, म्हणजे ज्येष्ठ नागरिक दिनी, शाल-श्रीफळ. नारळ फोडायचा कुणी हे विचारू नये.

पुराचा विचार तर करूच नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ आहे. 2019 ला आणि 2021 ला नदीकाठच्या पेठांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय. तेव्हा आत्ती चालती होती, तरी तालमीच्या पोरांनी धरून बाहेर काढली. आता तिला उचलूनच न्यावं लागेल. कुणी उचलायचं, कुठं न्यायचं, औषधाची पिशवी कुणाकडं, तुमच्या रजिस्टरात खाटेवरची माणसं किती आणि ती कुठल्या गल्लीत, ही यादी महापालिकेला दिलीय का? मी फोन करून विचारलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “पुरात आमची फील्ड व्हिजिट बंद असते.”

बंद असते!

बास झाली थट्टा. अहो, म्हातारी माणसं आहेत ती, तुमच्या फायलीला लावायची टाचणी नव्हे. तुम्ही उपकार करत नाही, पैसे घेऊन काम करताय, आणि ते पैसे आत्तीनं जन्मभर तेल-साबण घेताना भरलेल्या करातूनच आलेत. येणार असाल तर वेळ सांगा. येणार नसाल तर फोन करा. मुलगी एकच पाठवा, तिला शिकवून पाठवा, तिचे पैसे वेळेवर द्या. आत आल्यावर आधी विचारा, बसा, हात धरा, नखं कापा. पाठीला चट्टा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरला सांगा, पुढच्या अहवालाची वाट बघत बसू नका. झोपलेल्या बाईला फोटोसाठी उठवायला लाज वाटली पाहिजे. तुमच्या आईला असं उठवाल? वॉकर उद्याच्या उद्या घरी आणून द्या आणि उंची लावून द्या, नुसता भिंतीला टेकवून पळू नका.

आणि अनुदान मंजूर करणाऱ्या साहेबांनो, तुम्हीही गप्प बसू नका. फोटो मोजून सेवा मोजली जात नाही हे तुम्हाला कळत नाही असं मी मानत नाही. गंगावेशीतून चालत पाच मिनिटं लागतात. कॅमेरा न घेता, संस्थेला न सांगता एखाद्या दुपारी या, आणि मुलगी शेवटची कधी आली होती ते आत्तीलाच विचारा. जरा मोठ्यानं विचारा, डाव्या कानाला ऐकू येत नाही. श्रवणयंत्राचाही फोटो झालाय.